वासरू कुणाच्या हद्दीत?

“वासरू डाव्या काठाकडे आहे की उजव्या?” फोनवरच्या बाईने पुन्हा विचारलं. आवाज इतका गोड, की वाटावं वाढदिवसाच्या केकची ऑर्डर घेतेय.

“मधोमध आहे,” शैला म्हणाली. “नदीत झाड आडवं पडलंय, त्याच्या मुळांत अडकलंय. मेलंय, फुगलंय, वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतोय.”

“हो हो, तेवढं मी लिहून घेतलंय. पण आमची हद्द नदीच्या मधून जाते ना. वासरू मध्यरेषेच्या पलीकडे असेल तर ते शेजारच्या कौन्सिलचं. आणि पाण्यातच असेल, तर मग नद्यांचं खातं वेगळं आहे.”

“आणि रेषेवरच असेल तर?”

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. “तसा ऑप्शन नाहीये आमच्याकडे.”

“डोकं शेजाऱ्यांकडे आहे आणि शेपूट तुमच्याकडे. निदान अर्धं तरी न्याल का?”

बाई हसली. अगदी मनापासून, खळखळून हसली. त्या हसण्याचीच शैलाला शिसारी आली. तिने फोन ठेवला, खिडकी बंद असल्याची परत एकदा खात्री केली आणि ओट्यावर हात टेकून उभी राहिली. जुलै महिना होता. टायरोनमध्ये वर्षातून एखादाच आठवडा असा कडक उन्हाचा येतो. तो नेमका आत्ता आला होता.

टायरोन ही उत्तर आयर्लंडमधली सगळ्यात मोठी काउंटी. म्हणजे होती. उत्तरेला स्पेरिनचे बुटके, तपकिरी डोंगर, पूर्वेला ‘लॉख ने’ नावाचं समुद्रासारखं तळं, आणि मध्ये टेकड्या, दलदली, कुरणं आणि जिकडे तिकडे नद्या. नकाशावर काउंटीची रेघ अजून आहे, पण कारभाराला ती कधीच उरली नाही. एकोणीसशे त्र्याहत्तरमध्ये काउंटी कौन्सिलं मोडून छोटे छोटे जिल्हे केले. पुढे दोन हजार पंधरामध्ये ते जिल्हे एकमेकांना चिकटवून मोठी कौन्सिलं केली. त्या कापण्या-चिकटवण्यात ओवनडू नावाची ही लहानशी नदी शिवणीवर आली. अलीकडे एक कौन्सिल, पलीकडे दुसरं. काउंटी उरली ती फुटबॉलमध्ये. मॅचचे दिवस आले की फाटकाफाटकांवर लाल-पांढरे झेंडे लागतात, आणि ते झेंडे लावणाऱ्या माणसाला आपला कचरा कोण उचलतं ते सांगता येत नाही.

शैलाला हा सगळा मुलूख पाठ होता. नवरा पद्माकर सोमण काउंटी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून आला, तेव्हा ती मिरजेहून आलेली एक गप्प बाई होती. घरात बसून वेड लागायची वेळ आली, तेव्हा तिने लायब्ररीच्या व्हॅनवर नोकरी धरली. चढणीवरच्या शेतांवर, दलदलीच्या कडेच्या घरांमध्ये पुस्तकं पोचवायची. लोकांनी तिच्या नावाचं ‘शीला’ करून टाकलं, आणि शीला हे आयरिश नाव असल्यामुळे ती अर्धी त्यांचीच झाली. पद्माकर म्हणायचा, “कॅथलिक की प्रोटेस्टंट, या लोकांना एकमेकांचा पंथ आडनावावरून कळतो. मला कळत नाही, तेच बरंय. भूल दिली की सगळे सारखेच घोरतात.”

तो गेल्यावर त्याला बेलफास्टला नेऊन दहन केलं, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे राख या ओवनडूच्या वळणावर सोडली. तिथे पाणी जरा रुंद आणि शांत होतं. त्यानंतर शैला रोज सकाळी त्या वळणापर्यंत जायची. काही बोलायची वगैरे नाही. नुसती उभी राहायची आणि परत यायची.

आता तिथे ते वासरू होतं. आधी पुलावरून काळ्या पिशव्या पडायला लागल्या होत्या: लहान मुलांच्या वापरलेल्या नॅपी, पेंटचे डबे, एकदा तर आख्खी गादी. शैलाने काठीने ओढून ओढून त्यातलं जमेल तेवढं काढलं होतं. मग एका सकाळी वासरू दिसलं. काळं-पांढरं, फार तर महिन्याचं असेल. पोट ढोलासारखं ताणलेलं, डोळ्यांच्या जागी माश्यांचा काळा घोळका. आणि दोन्ही कान नव्हते. कुणीतरी ते मुळापासून, सुरीने सरळ कापले होते. इथे प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर शेताचा नंबर असतो. बिल्ला काढत बसण्यापेक्षा कानच कापणं सोपं.

शनिवारी उर्वी आली. उर्वी तिची मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली आणि आता याच कौन्सिलमध्ये निवडून आलेली कौन्सिलर. कुठल्या पक्षाची नाही, अपक्ष. पद्माकर असता तर त्याने गावभर पेढे वाटले असते. कसल्याशा उद्घाटनाहून ती थेट आली होती. अंगावर निळा कोट, हातात उरलेल्या सँडविचचा ट्रे. दार उघडताक्षणी तिने नाकावर हात धरला.

“ओ माय गॉड, आई. तू कशी राहते इथे?”

“तेच विचारायला तुला बोलावलंय.”

उर्वीने ट्रे ठेवला, खुर्चीत बसली, चेहऱ्यावर एक समजूतदार भाव आणला. तो भाव शैलाने पोस्टरवर पाहिला होता.

“आई, माझा ऐक. मी ऑफिसर्सशी बोलले. ती वासरू टेक्निकली आमची नाहीये.”

“ते वासरू. आमचं नाहीये.” शैलाने सवयीने सुधारलं.

“ओके, ते वासरू. पण एकदा आम्ही उचललं ना, तर मग ती नेहमीची पद्धत होऊन जाते. मग नेक्स्ट टाइम त्या साइडचा सगळा कचरा आमचा. दे हॅव बीन व्हेरी क्लिअर.”

“मंगळवारी बाबांची तिथी आहे.”

“आय नो.” उर्वीचा आवाज जरा मऊ झाला. “पण आई, बाबा तिथे नाहीत ना आता. पाणी वाहते. ते स्वतःच असं बोलले असते.”

हे खरं होतं, आणि म्हणून शैलाला जास्तच राग आला. ती म्हणाली, “त्या वासराचे कान कापलेत, उर्वी. दोन्ही. कुणाचं आहे ते कळू नये म्हणून.”

उर्वीचं लक्ष फोनकडे होतं. अंगठ्याने काहीतरी सरकवत ती म्हणून गेली, “हो, मॅलकी तसाच करतो नेहमी...”

आणि थांबली.

मॅलकीला शैला ओळखत होती. वरच्या रस्त्यावर त्याचा गोठा होता. निवडणुकीत उर्वीचं सगळ्यात मोठं पोस्टर त्याच्या भिंतीवर होतं. मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत घालून त्यानेच केंद्रावर नेलं होतं.

“तुला माहीत होतं,” शैला म्हणाली.

“एव्हरीबडी नोज, आई. कोणी बोलत नाही फक्त. मेलेलं जनावर न्यायला गाडी बोलवायची, मग पेपरवर्क, मग इन्स्पेक्टर येणार, का मेली, कशी मेली... तो वाईट माणूस नाहीये. बाबांच्या फ्युनरलला त्याने सगळ्यांना चहा दिला.”

“त्याच हातांनी?”

“आई, प्लीज. डोन्ट बी लाइक दॅट.”

शैलाने सँडविचचा ट्रे उचलला, उर्वीच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. मुलीला घराबाहेर काढायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. उर्वीची गाडी वळेपर्यंत ती दारातच होती. बाहेरून तो दमट, गोडसर वास आत शिरत होता. तिच्या मनात आलं, की याची तर आता सवयही झाली. ‘एव्हरीबडी नोज’वाल्यांचं असंच झालं असेल.

सोमवारी ती पूल ओलांडून ब्रायडीकडे गेली. ब्रायडी पलीकडच्या काठावर एकटी राहायची. वय शैलाएवढंच, गुडघे शैलापेक्षा वाईट, जीभ सगळ्यांपेक्षा वाईट. व्हॅनच्या दिवसांपासूनची मैत्री. ती अंगणात ट्रॅक्टरखाली डोकं घालून काहीतरी ठोकत होती.

“तुझ्या कौन्सिलला फोन केलास?” शैलाने विचारलं.

“केला की. म्हणाले, काठ आमचा, पण वासरू त्यांच्या बाजूला.” ब्रायडी थुंकली. “फोन करायचं सोड, शीला. काही उपयोग नाही.”

“पूर्वी बरं होतं का गं? सगळी एकच काउंटी होती तेव्हा?”

“पूर्वी?” ब्रायडी ट्रॅक्टरखालून बाहेर आली आणि हात फडक्याला पुसले. “पूर्वी घर मागायला माझा बाप जुन्या कौन्सिलच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहायचा. आठ पोरं, एक खोली, छपरातून पाणी. त्याचं आडनाव ऐकलं की साहेबाला ऐकूच येईनासं व्हायचं. घर कुणाला मिळालं? एकट्या पोरीला. आडनाव बरं होतं तिचं. तेव्हाचे आडनाव बघून नाही म्हणायचे, आताचे नकाशा बघून नाही म्हणतात. घाण तीच. फक्त आता बोलतात गोड.”

शैलाने ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि विचारलं, “हा ट्रॅक्टर चालतो का?”

“तोंड पाहून चालतो. का?”

“वासरू काठावर ओढायचंय. माझ्या काठावर. ते बाकडं आहे ना कौन्सिलचं, ‘सुस्वागतम’ची पाटी लावलेलं? त्या पाटीखाली. मग बघू कुणाच्या हद्दीत आहे ते.”

ब्रायडीने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मग तिच्या तोंडात दात नव्हते तेवढ्या जागेतून शिट्टी वाजवली.

पाण्यात शैलाच उतरली. ब्रायडीच्या गुडघ्यांना ते जमलं नसतं. पद्माकर मासे धरायला जायचा तेव्हाची त्याची रबरी विजार तिने चढवली; काखेपर्यंत आली. तोंडाला ओढणी, ओढणीला व्हिक्स. पाणी मांडीपर्यंत होतं आणि थंडगार होतं. जवळ जाईपर्यंत तिने श्वास धरून ठेवला होता. पुढे तो सोडावाच लागला. वास नाकातून नव्हे, जिभेवरून आत गेला.

दोर मागच्या पायांना बांधायचा होता. तिने पाय धरला, आणि कातडी हातमोज्यासारखी सुटून तिच्या हातात आली. आत पांढरं, वळवळणारं. ती ओरडली. काठावरून ब्रायडी म्हणाली, “बघू नकोस! बांध नुसतं!” ती बघत राहिली आणि बांधत राहिली. गाठ पडली, तेवढ्यात ती नदीतच ओकली. ओकून झाल्यावर तिला जाणवलं, की आपण पद्माकरच्या पाण्यात ओकलो. मग रडू आलं. मग त्या रडण्याचाही राग आला.

ट्रॅक्टर धूर सोडत खेचायला लागला. वासरू मुळांतून सुटताना पोट फुटलं आणि एक हिरवट फेसाळ लाट शैलाच्या छातीवर आली. ती मागे सरली नाही. दोराबरोबर चालत, वासराला दोन्ही हातांनी लोटत ती काठापर्यंत आली. पाटीखाली ते पडलं तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, आणि तेवढ्यापुरतं ते अगदी लहान, नुकतंच दूध पिऊन झोपलेलं दिसलं.

“बिचारं,” ब्रायडी म्हणाली आणि खांद्यांवर, कपाळावर क्रॉसची खूण केली.

घरी येऊन शैलाने कपडे अंगणातच काढून पिशवीत कोंबले, पाणी गार होईपर्यंत शॉवरखाली उभी राहिली आणि मग कौन्सिलला फोन केला. “वासरू आता तुमच्या बाकाला टेकून आहे,” ती म्हणाली. “ऑप्शन आहे का आता?”

मंगळवारी सकाळी गाडी आली. पिवळ्या जाकिटांतली दोन माणसं उतरली, त्यांनी वासरू ताडपत्रीत गुंडाळलं, आणि बाकीच्या पिशव्याही उचलल्या. चांगली माणसं होती ती. त्यांच्यातल्या एकाने शैलाला बघून मान लववली. त्यांच्या मागोमाग उर्वीची गाडी आली. तिच्या अंगावरही पिवळं जाकीट होतं, घडीच्या रेघा अजून न मोडलेलं. बरोबर फोटो काढायला एक तरुण मुलगी.

“आई! यू आर अनबिलिव्हेबल,” उर्वीने तिला मिठी मारायला हात पसरले आणि जवळ आल्यावर जरा आवरते घेतले. “तू एकटी केलं? मी सगळ्यांना सांगणार. ये, फोटोत उभी राहा. ‘लोकल रेसिडेंट’ म्हणून.”

“मला नको.”

“आई, दोन मिनटं.”

तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून लोडर लावलेला ट्रॅक्टर खाली आला. मॅलकी उतरला. गोरापान, गुबगुबीत, दाढी नुकतीच केलेली. “ऐकलं की मदत लागणार म्हणून आलो,” तो सगळ्यांना म्हणाला. “लाज वाटते हो असल्या लोकांची. आपल्याच नदीत!”

शैलाने उर्वीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता उर्वी काहीतरी म्हणेल. काहीही. नुसतं नाक जरी मुरडलं असतं तरी चाललं असतं. उर्वी हसली. “थँक्स, मॅलकी. नेहमीसारखा पहिला हजर.” आणि सरकून तिने फोटोत त्याला जागा करून दिली. मुलीने कॅमेरा वर केला. पाठीमागे ‘सुस्वागतम’ची पाटी, गवतावर ओला डाग.

फोटो झाला. मॅलकी शैलाकडे आला, टोपी काढली, हात पुढे केला. “डॉक्टर फार मोठा माणूस होता, शीला. माझ्या आईच्या ऑपरेशनला त्यांनीच भूल दिलेली. जाग आल्यावर पहिलं तोंड त्यांचं दिसलं म्हणायची.”

शैलाने त्याच्या हाताकडे पाहिलं. स्वच्छ होता. नखंसुद्धा स्वच्छ होती.

“कान कुठे टाकलेस?” तिने विचारलं.

आवाज चढवला नव्हता. पण पिवळ्या जाकिटातली दोन्ही माणसं ताडपत्री धरून जागीच थांबली, आणि कॅमेऱ्यावरच्या मुलीने कॅमेरा खाली घेतला.

“काय?”

“कान. वासराचे. नदीत नव्हते. कुठे टाकलेस?”

मॅलकीचा चेहरा मानेपासून वर तांबडा होत गेला. तो उर्वीकडे वळला. उर्वी म्हणाली, “आई!” मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझी आई खूप दमलीये, आज वडिलांची तिथी आहे.”

पद्माकरचं नाव अशा वेळी, अशा कामाला वापरलेलं ऐकून शैलाला वाटलं, काल नदीत जे अंगावर आलं ते याच्यापुढे काहीच नव्हतं. ती वळली आणि घराकडे चालू लागली. मागून ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी उर्वी आली ती बेल वाजवून. एरवी तिच्याकडे किल्ली असायची, आजही होती. शैला स्वयंपाक करत होती. तिथीचं असं काही केलं नव्हतं. नुसती चिंचगुळाची आमटी आणि भात, जे पद्माकर रात्री ड्युटीवरून आला की मागायचा.

उर्वी ओट्याला टेकून उभी राहिली. “तो पोस्टर काढणार भिंतीवरून. फोन करून सांगितलं त्याने. नेक्स्ट इलेक्शनला मला नाही करणार सपोर्ट.”

“बरं.”

“आणि केस होणार नाही. कान नाहीत, तर प्रूफ पण नाही. तू उगाच बोलली. त्याचा काहीच होणार नाही.”

“ठाऊक आहे मला.”

“मी फोटो टाकलं ना ऑनलाइन, त्या पोस्टखाली कोणीतरी कॉमेंट लिहिली, कानाचं विचारलं. म्हणून मग मी फोटो बदललं.” तिने फोन पुढे केला. “बघ. त्याला क्रॉप केला.”

शैलाने चष्मा लावून पाहिलं. मॅलकी नव्हता. त्याच्या खांद्याचा एवढासा तुकडा राहिला होता, झुडपासारखा. मधे उर्वी होती, छान हसत, बाजूला पाटी. वासरू तर फोटोत कधी नव्हतंच. खाली लिहिलं होतं, की नागरिकांच्या तक्रारीवर आपण तातडीने कारवाई करून घेतली.

तिने फोन परत दिला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ते बोलायचाही उबग आला होता.

“आई, काहीतरी बोल ना.”

“जेवणार आहेस का?”

उर्वीने होकारार्थी मान हलवली. शैलाने दोन ताटं घेतली, भात वाढला, वर आमटी घातली, तुपाची धार सोडली. समोरासमोर बसल्या. शैलाने घास कालवायला हात घातला, तोंडाजवळ आणला, आणि तो तिथेच थांबला. तिने सकाळपासून हात कितीदा धुतले होते. साबणाने, डेटॉलने, लिंबाने, शेवटी भांड्यांच्या काथ्याने. आमटीच्या वासाखालून तो दुसरा वास येतच होता. कदाचित नसेलही. तिने घास ताटात परत ठेवला, बोटं पाण्याच्या भांड्यात बुडवली, पुन्हा कालवलं, पुन्हा थांबली.

उर्वी बघत होती. ती उठली, ड्रॉवर उघडला, आणि एक चमचा आणून आईच्या ताटाच्या कडेला ठेवला.

शैलाने त्या चमच्याकडे पाहिलं. मग तिने तो उचलला, आणि त्याने आमटीभात खाऊ लागली, हॉस्पिटलातल्या पेशंटसारखी, एक एक चमचा करून.